बार्बाडोसला पहिल्यांदा सहकुटुंब जाताना: तयारी परतीपासून सुरू करा

आमच्या ओळखीतलं जवळजवळ प्रत्येक कुटुंब कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटाची ही सहल एकाच पद्धतीने ठरवतं. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये तिकिटं दिसतात, ती घेतली जातात. मग सगळ्यात सुंदर फोटो असलेली राहण्याची जागा. आणि निघायला आठ दिवस उरले की कपाटातून पासपोर्टांची पिशवी बाहेर येते आणि मला फोन येतो, "अगं, माझा अमेरिकन व्हिसाचा स्टॅम्प एप्रिलमध्येच संपलाय, चालेल ना?" वरातीमागून घोडं.

पहिल्या खेपेला आम्हीही फार शहाणे नव्हतो. कागद नीट होते, पण किनारा चुकला. तो किस्सा चौथ्या टप्प्यात सांगते.

हा लेख मुख्यतः अमेरिकेत भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्या आणि मुलं, आई-वडील किंवा सासू-सासरे यांना घेऊन निघालेल्या मंडळींसाठी आहे. महाराष्ट्रातून थेट जाणाऱ्यांनी पहिला टप्पा सोडून दुसऱ्यापासून वाचलं तरी चालेल. क्रम मात्र दोघांनाही सारखाच: कागद, तारखा, किनारा, राहायची जागा, आणि पैसे भरायचे ते सगळ्यात शेवटी.

टप्पा १: परत येता येईल का, हे आधी पाहा

बार्बाडोसला पर्यटक म्हणून जायला भारतीय पासपोर्टवर आगाऊ व्हिसा लागत नाही. हे खरं आहे आणि गोंधळाचं मूळही हेच आहे. तिथे शिरताना अडचण येत नाही, ती येते अमेरिकेत परतताना. म्हणून एका संध्याकाळी सगळे पासपोर्ट टेबलावर मांडा आणि माणशी एक कागद करा. "आमचं सगळ्यांचं सारखंच आहे" असं धरून चालू नका. नवऱ्याचा स्टॅम्प, तुमचा स्टॅम्प आणि मुलीच्या पासपोर्टची मुदत या तीन वेगळ्या तारखा असतात.

१. एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-फोर (त्यांच्या जोडीदाराचा आणि मुलांचा): परतीच्या दिवशी पासपोर्टातला स्टॅम्प चालू हवा. आय-७९७, म्हणजे अर्ज मंजूर झाल्याचा कागद, अजून दोन वर्षं चालणार असला तरी स्टॅम्पचं काम तो करत नाही. इथे हटकून ऐकू येणारं वाक्य म्हणजे "आम्ही टोरांटोला जुन्या स्टॅम्पवर जाऊन आलो होतो." आला असाल. संपलेला स्टॅम्प आणि चालू आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याची नोंद) यांवर तीस दिवसांच्या आत परत येण्याची सवलत एचवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोसाठी आहे. कॅरिबियन बेटांसाठी ती एफ (विद्यार्थी) आणि जे (देवाणघेवाण कार्यक्रम) व्हिसावाल्यांना मिळते, एचवाल्यांना नाही. परतीच्या विमानाच्या चेक-इन खिडकीवरच तुम्हाला थांबवतील, आणि तेव्हा मुलांच्या पाठीवर दप्तरं आणि हातात वाळूच्या बादल्या असतील. बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाउनमध्ये, अमेरिकेचा दूतावास आहे खरा, पण "तिथेच स्टॅम्पिंग उरकू" हा बेत सहलीच्या आठवड्यात बसवू नका.

२. पासपोर्टची मुदत: अमेरिकेत परत शिरताना नवा आय-९४ मिळतो आणि पासपोर्ट लवकर संपत असेल तर त्यावर बहुधा पासपोर्टचीच तारीख पडते. लहान मुलांचे भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचे असतात, त्यामुळे हा फटका जास्त करून त्यांना बसतो. वर्षभरात संपणारा पासपोर्ट असेल तर आधी नूतनीकरण, मग सहल.

३. बी-टू (पर्यटक व्हिसा) वर आलेले आई-वडील: दहा वर्षांचा, अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा असला तर ते येऊ शकतात. मात्र "सहा महिने संपत आलेत, बार्बाडोसला एक चक्कर मारून आणू म्हणजे पुन्हा सहा महिने मिळतील" हे गणित मनातून काढा. जवळच्या बेटावर थोडे दिवस जाऊन आल्यावर अधिकारी जुनीच तारीख कायम ठेवू शकतो. त्यांचा मुदतवाढीचा अर्ज भरलेला असेल तर देशाबाहेर पडूच नका.

४. अमेरिकेत जन्मलेलं मूल: परतीच्या विमानासाठी त्याचा अमेरिकन पासपोर्ट हवा. जन्मदाखल्यावर भागत नाही. दोघांपैकी एकच पालक मुलांना घेऊन जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र सोबत ठेवा.

५. ग्रीन कार्डचा किंवा स्टेटस बदलण्याचा अर्ज प्रलंबित असेल तर वकिलाला एक ईमेल टाका आणि उत्तर आल्याशिवाय तिकिटाला हात लावू नका. शेजाऱ्यांना चाललं म्हणून आपल्याला चालेल असं या बाबतीत अजिबात नसतं.

*इशारा:* स्टॅम्प संपलेला असेल तर हट्ट सोडा आणि प्वेर्तो रिको या अमेरिकेच्याच बेटावर जा. समुद्र तोच, विमान देशांतर्गत. तिथल्या सान हुआन विमानतळावरून निघताना शेतीखात्याची सामानतपासणी असते. यूएस व्हर्जिन आयलंड्सही चालतील, पण तिथून परतताना अधिकारी कागद पाहतात, त्यामुळे पासपोर्ट आणि आय-७९७ बरोबर ठेवा. त्यांतल्या सेंट थॉमस बेटावरून ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सची एका दिवसाची बोट मात्र नको. ती बोट पकडलीत की तुम्ही दुसऱ्या देशात.

*तपासा:* प्रत्येकाच्या कागदावर चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात: पासपोर्टची मुदत, स्टॅम्पची मुदत, आय-९४ ची मुदत, प्रलंबित अर्ज आहे की नाही. एक जरी रकाना रिकामा असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: मुंबईहून निघणाऱ्यांसाठी

मुंबईहून जायचा सोयीचा मार्ग लंडनवरून. बार्बाडोसला व्हिसा लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात आणि लंडनचा ट्रान्झिट व्हिसा विसरतात. भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर न पडताही तो लागतो. काही देशांचे चालू व्हिसा जवळ असतील तर सूट मिळते, ती आपल्याला लागू होते का ते ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पाहा. पहिलं विमान हीथ्रोला उतरणार आणि दुसरं गॅटविकहून सुटणार असेल, किंवा दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर इमिग्रेशन ओलांडून सामान उचलावं लागतं आणि त्याला वेगळा व्हिसा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच विमानतळावरून घ्या. चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या.

"एवढ्या लांब आलोच आहोत तर त्रिनिदादही करू" असं ठरत असेल तर आधी पीतज्वराची लस टोचून घ्या. त्रिनिदादहून भारतात परतताना पिवळं प्रमाणपत्र मागतात, आणि लस टोचल्यावर दहा दिवसांनी ते वैध होतं. नसेल तर मुंबईत उतरल्यावर विलगीकरण वाट्याला येऊ शकतं. फक्त बार्बाडोस करून परतणाऱ्यांना ही भानगड नाही.

टप्पा ३: तारखा

डिसेंबर ते मे हा कोरडा काळ. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत भाव चढलेले असतात आणि ख्रिसमसला तर विचारूच नका. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जोर जास्त. बार्बाडोस बाकीच्या बेटांच्या माळेपेक्षा पूर्वेला असल्यामुळे थेट तडाखे कमी बसतात, पण "कमी" म्हणजे "नाही" नव्हे. २९ जून २०२४ ला ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर आपण टी-२० विश्वचषक जिंकलो आणि बेरिल वादळामुळे विमानतळ बंद होऊन विश्वविजेता संघच बेटावर अडकून पडला. रोहित शर्माला वाट पाहावी लागली, तर आपण कोण! हंगामात जाणार असाल तर रद्द करता येणारं आरक्षण आणि प्रवास विमा दोन्ही घ्या. विमा तिकीट काढतानाच घ्यायचा. वादळाला नाव मिळाल्यावर घेतलेला विमा त्या वादळासाठी कामाचा नसतो.

तारखांची आणखी एक बाजू फोटोंत दिसत नाही: सरगॅसम, म्हणजे समुद्रावर तरंगत येणारं तपकिरी शेवाळ. साधारण वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत ते पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यांवर ढिगाने येऊन पडतं आणि कुजलं की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. पश्चिमेला त्याचा त्रास खूपच कमी.

मुलांच्या शाळा, ऑफिस आणि खिसा यांचा मेळ घालायचा तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा मला सगळ्यात बरा वाटतो.

टप्पा ४: किनारा निवडा, हॉटेल नंतर

बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद. त्यामुळे वाटतं, कुठेही राहिलं तरी काय फरक पडतो. इथेच आम्ही चुकलो. फोटोत लाटा, नारळ, खडक, सगळं एखाद्या कॅलेंडरसारखं. पूर्व किनाऱ्यावर जागा घेतली. पहिल्या सकाळी आमची सहा वर्षांची लेक बादली आणि फावडं घेऊन पाण्यापाशी उभी राहिली. लाट पुरुषभर उंच, आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेणारी. ती पाच मिनिटं नुसती बघत राहिली, मग बादलीत वाळू भरून खोलीत आली आणि म्हणाली, "आई, हा समुद्र आपला नाही." दोन दिवस मुलं हॉटेलच्या टाकीएवढ्या तलावात डुंबली. तिसऱ्या दिवशी आम्ही बाडबिस्तरा उचलला, पैसे भुर्दंड म्हणून सोडले आणि पश्चिमेला आलो.

बेट एकच असलं तरी त्याला समुद्र दोन आहेत.

पूर्वेला अटलांटिक. आफ्रिकेपासून इथपर्यंत मध्ये जमीन नाही, त्यामुळे लाटा मोकळ्या धावत येतात. तिथलं बाथशेबा हे गाव बघायला सुरेख आहे, तिथली सूप बोल नावाची जागा लाटांवर फळी चालवणाऱ्यांची पंढरी. पण पोहायचं नाही. ओहोटीला खडकांच्या मधल्या उथळ डबक्यांत बसता येतं, तेही स्थानिक लोक बसलेले दिसले तरच.

पश्चिमेला कॅरिबियन समुद्र. होलटाउन, पेन्स, मलिन्स, स्पाइट्सटाउन या पट्ट्यात पाणी बहुतेक दिवस तळ्यासारखं. लहान मुलं आणि आजी-आजोबांसाठी हाच किनारा. महाग आहे, हे कबूल.

दक्षिणेला मधलं प्रकरण. हेस्टिंग्ज ते ऑइस्टिन्स या पट्ट्यात लाटा असतात, पण काही ठिकाणी खडकांच्या कडेने शांत पाणी मिळतं. राहणं-खाणं स्वस्त, बस पावलोपावली. दहा वर्षांवरच्या मुलांना इथेच जास्त मजा येते. नैर्ऋत्य कोपऱ्यातली कार्लाइल बे, ब्रिजटाउनला लागून, ही या सगळ्यांतली तडजोड: पाणी शांत, कासवं जवळ, आणि शहर हाकेच्या अंतरावर.

एक गोष्ट खर्च वाचवेल. बार्बाडोसमध्ये सगळे किनारे सार्वजनिक आहेत. मोठ्या हॉटेलांच्या मधून समुद्राकडे जाणाऱ्या बोळा असतात. त्यामुळे पश्चिमेला समुद्राला लागून न राहता रस्त्याच्या पलीकडे, पाच मिनिटं चालत अंतरावर स्वयंपाकघर असलेली जागा घेतली तरी पाणी तेच मिळतं.

*तपासा:* जागेचा पत्ता नकाशावर टाका. शेजारचा किनारा "पोहण्यासाठी" आहे की "बघण्यासाठी", हे यजमानाला थेट विचारा: "सहा वर्षांचं मूल रोज सकाळी पाण्यात उतरू शकेल का?" गोलमोल उत्तर आलं तर ते नाहीच समजा.

टप्पा ५: जागा आणि तिकीट

आता पैसे भरा. जागेच्या दरात मूल्यवर्धित कर, सेवा शुल्क आणि दर रात्रीचा सरकारी आकार धरलेला आहे का ते पाहा. नसेल तर शेवटच्या सकाळी बिल बघून डोळे पांढरे होतात. सगळं जेवण धरून असलेली पॅकेजं शाकाहारी कुटुंबाला क्वचितच परवडतात. मासे आणि रम यांचे पैसे भरून आपण बटाटे खात बसतो.

न्यूयॉर्कहून थेट विमान साडेचार-पाच तासांचं. बार्बाडोसची वेळ वर्षभर एकच राहते: उन्हाळ्यात न्यूयॉर्कइतकीच, हिवाळ्यात एक तास पुढे. दुपारी उजेडात उतरणारं विमान घ्या. संध्याकाळी साडेसहापर्यंत अंधार पडतो आणि अनोळखी रस्त्यावर डाव्या बाजूने गाडी चालवायचा पहिला धडा अंधारात नको.

आई-वडिलांच्या विम्याचं पत्रक उघडा. अमेरिकेत आलेल्या पाहुण्यांचा विमा अमेरिकेबाहेर चालतोच असं नाही.

टप्पा ६: सामान

१. लष्करी छापाचे कपडे काढून ठेवा. बार्बाडोसमध्ये सामान्य माणसाने ते घालणं बेकायदेशीर आहे, लहान मुलांनाही सूट नाही. टोपी, दप्तर, हाफ पँट, सगळं तपासा. आमच्या भाच्याची आवडती चड्डी बॅग भरताना निघाली म्हणून बरं.

२. विजेचा दाब अमेरिकेसारखा, ११५ व्होल्ट, आणि प्लगही तेच. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा छोटा राइस कुकर तिथे तासभर नुसता कोमट होत बसेल.

३. पोहे, मेतकूट, पापड, डाळ-तांदळाचं खिचडीचं मिश्रण अशा कोरड्या, बंद पाकिटातल्या गोष्टी न्या आणि फॉर्मवर जाहीर करा. ताजी फळं, भाज्या, मांस, रोपं, बिया नकोत. कढीपत्त्याची पुडीही नको.

४. पाण्यात घालायचे बूट, प्रत्येकाचे. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा, प्रत्येकाचा. डासांचं मलम. बेटावर डेंग्यू होतो आणि डास संध्याकाळची वाट बघत नाहीत.

५. पोहण्याचे कपडे हातातल्या बॅगेत. खोली बहुधा दुपारी तीननंतर मिळते, मुलांना मात्र समुद्र बाराला दिसतो.

टप्पा ७: शेवटचे तीन दिवस

बार्बाडोस सरकारचा इमिग्रेशन आणि कस्टम्सचा ऑनलाइन फॉर्म भरा. तो फुकट आहे. शोधायला गेलात तर पैसे मागणारी दिसायला हुबेहूब संकेतस्थळं आधी येतात. पत्ता सरकारी आहे ना, ते पाहूनच पुढे जा. राहण्याचा पूर्ण पत्ता आणि परतीचं तिकीट हाताशी ठेवा. आलेली पावती फोनमध्ये तर ठेवाच, पण कागदावरही काढा, कारण विमानातून उतरल्यावर नेमकी फोनची बॅटरी संपते.

टप्पा ८: उतरल्यावर, कोणते डॉलर?

बार्बाडोसचा डॉलर अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे: एक अमेरिकन म्हणजे दोन बार्बाडोसचे. अमेरिकन नोटा जवळजवळ सगळीकडे घेतात, आणि गडबड तिथेच होते. पहिल्या दिवशी टॅक्सीवाल्याने "फॉर्टी डॉलर्स" म्हटलं, सासऱ्यांनी रुबाबात चाळीस अमेरिकन डॉलर काढून दिले. माणूस सज्जन, त्याने हसून वीस परत केले. सगळेच करतील असं नाही. आकडा ऐकला की लगेच विचारायचं, "बार्बाडोसचे की अमेरिकन?"

टॅक्सीला मीटर नसतो. भाडं दार उघडण्याआधी ठरवा. टॅक्सीची नंबरप्लेट झेडने सुरू होते, भाड्याच्या गाडीची एचने.

बस हा उत्तम पर्याय आहे. निळ्या सरकारी बस, पिवळ्या मिनीबस, आणि पांढऱ्यावर तांबडा पट्टा असलेल्या झेडआर व्हॅन. तिकीट कितीही अंतराला एकच, साडेतीन बार्बाडोस डॉलर. निळ्या बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, नेमके पैसे लागतात. थांब्यावर "टू सिटी" किंवा "आउट ऑफ सिटी" एवढंच लिहिलेलं असतं. सिटी म्हणजे ब्रिजटाउन. झेडआर व्हॅनमध्ये मोठ्याने गाणी आणि खच्चून माणसं असतात. आपल्याला शेअर रिक्षाची सवय असल्याने काही वाटत नाही, आजींना मात्र निळी बसच बरी.

गाडी घेणार असाल तर लायसन्सबरोबरच तिथला पाहुण्यांचा परवानाही लागतो, तो गाडी देणारी कंपनीच काढून देते. गाडी डावीकडून चालवायची, भारतासारखी. पण दहा वर्षं अमेरिकेत चालवलेल्या हाताला ते आठवत नाही. चूक गल्लीतून उजवीकडे वळताना होते. म्हणून शेजारी बसलेल्याचं काम एकच, प्रत्येक वळणावर मोठ्याने "डावीकडे" म्हणायचं. मुलांची सीट आधी मागून ठेवा. उघड्या, दारं नसलेल्या छोट्या मोक गाड्या फोटोला छान, मुलांना घेऊन फिरायला नाहीत.

*तपासा:* फोनमध्ये हे तीन आकडे टाका: पोलीस २११, अग्निशमन ३११, रुग्णवाहिका ५११. तिथे ९११ ची सवय विसरा.

टप्पा ९: पाण्यात उतरण्याआधी

बेट चेन्नईच्याच अक्षांशावर आहे. वारा सतत वाहतो म्हणून ऊन लागल्याचं कळत नाही, रात्री कळतं. सासऱ्यांनी अंगभर मलम लावलं आणि पावलं विसरली. पुढचे तीन दिवस सपाताही घालवेनात.

लाल निशाण म्हणजे पाण्यात जायचं नाही. जीवरक्षक दिवसभर नसतात. त्यांची खुर्ची रिकामी दिसली की मुलं गुडघाभर पाण्यापर्यंतच. पाणी समुद्राकडे ओढू लागलं तर किनाऱ्याकडे जोर लावायचा नाही. किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडायचं, मग किनाऱ्याकडे वळायचं. मोठ्या मुलांना हे वाळूत रेघ ओढून दाखवा.

खडकांजवळ काळे, काटेरी समुद्री अर्चिन असतात. तिथली माणसं त्यांना "कॉबलर्स" म्हणतात. कुणी तो शब्द ओरडला तर मोची शोधू नका, पाय उचला.

आणि मँचिनील. किनाऱ्यावरचं हे झाड चांगलं घनदाट सावलीचं असतं, फळं लहान हिरव्या सफरचंदासारखी. चीक अंगाला लागला की बिब्बा उतल्यासारखे फोड येतात, फळ खाल्लं तर घसा आणि तोंड भाजून निघतं. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तर पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही त्वचा पोळते. पुष्कळ झाडांच्या खोडावर लाल पट्टा किंवा पाटी असते, सगळ्यांवर नसते. नियम सोपा ठेवा: किनाऱ्यावर पडलेलं कुठलंही फळ उचलायचं नाही, आणि सर आली की झाडाखाली न जाता सरळ भिजायचं.

टप्पा १०: जेवण

नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, बाटल्यांवर पैसे घालवू नका. किराणा बराचसा बाहेरून येतो म्हणून महाग. दही, बटाटे, कांदे, अंडी एवढं घेऊन सकाळचं आणि एक वेळचं जेवण घरी केलं की खिशाला बरं पडतं.

बाहेर शाकाहारी मंडळींसाठी रोटीची दुकानं. रोटी म्हणजे आपली पोळी नाही. मोठ्या पोळीत चण्या-बटाट्याची रस्सेदार भाजी भरून घडी घातलेली, एकात पोट भरतं. मॅकरोनी पाय मुलांना आवडते. राइस अँड पीज नावावरून निर्धोक वाटतं, पण त्यात खारवलेलं डुकराचं मांस घालून शिजवतात, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका. कू-कू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी घोटून केलेला प्रकार, वर बहुधा उडत्या माशाचा रस्सा. रस्सा नको म्हणून सांगता येतं. "ब्रेडफ्रूट" पाटीवर दिसलं तर सासूबाईंना सांगा, ते आपलं नीरफणस. आमच्या सासूबाईंनी तर बाजारातून एक उचलून तव्यावर तेल-तिखटात काप केले आणि यजमानीण बाई वास घेत आत आल्या. हिवाळ्यात "डंक्स" विकायला असतात, ती निखळ बोरं.

मासे खाणाऱ्यांनी शुक्रवारची संध्याकाळ ऑइस्टिन्सच्या मासळी-जत्रेसाठी राखावी. गर्दी वाढायच्या आत, साडेसहाला पोहोचा. आठनंतर आजोबांना बसायला बाक मिळत नाही.

टप्पा ११: आठवड्याची मांडणी

सात दिवसांत सात ठिकाणं भरली की सहल संपते आणि सुट्टी उरतेच. मोठे बेत तीन पुरेत.

पहिला दिवस रिकामा. दुसऱ्या दिवशी फक्त समोरचा समुद्र. तिसऱ्या दिवशी कासवांची बोट. कार्लाइल बेमध्ये उथळ पाण्यात बुडालेली जहाजं आणि हिरवी कासवं दिसतात. आरक्षणावेळी मुलांच्या वयाची अट, त्यांच्या मापाचं लाइफ जॅकेट आणि शाकाहारी जेवण ही तीनही विचारा. बोट लागण्याची गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची, बोटीवर चढून नाही. कासवाला हात लावायचा नाही, आणि खायला घालायला लावणारा नावाडी असेल तर दुसरा शोधा.

एक दिवस हॅरिसन्स केव्हला. चुनखडीच्या गुहेत ट्रॅमने फिरवतात, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही जमतं. त्याच फेरीत बाथशेबा बघून या. उत्तर टोकाच्या अ‍ॅनिमल फ्लॉवर केव्हला निघण्याआधी फोन करा, समुद्र खवळलेला असेल तर गुहेत उतरू देत नाहीत.

शेवटचा पूर्ण दिवस पुन्हा रिकामा. तो आधी भरलात तर पावसाने बुडालेला बेत कुठे ढकलणार?

टप्पा १२: परत

विमानतळावर तीन तास आधी. अमेरिकेच्या इमिग्रेशनची तपासणी बार्बाडोसमध्ये होत नाही, ती न्यूयॉर्क-मायामीला उतरल्यावर होते. पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये निदान तीन तास ठेवा. शंख, पोवळ्याचे तुकडे, फळं वाळूतच सोडा. मुलांच्या बादल्या स्वतः पालथ्या करून बघा. हॉट सॉसची बाटली मोठ्या बॅगेत.

इमिग्रेशनच्या खिडकीवर एच-वन-बीवाल्यांनी नवीन आय-७९७ पासपोर्टबरोबर पुढे करावा, विचारण्याची वाट न बघता. स्टॅम्पवर जुन्या कंपनीची तारीख असेल आणि नवा कागद बॅगेतच राहिला तर आय-९४ जुन्या तारखेचा पडतो. नंतर तो दुरुस्त करून घेण्यात आठवडे जातात.

घरी पोहोचलात की कपडे मशीनमध्ये टाकायच्या आधी सगळ्यांचे आय-९४ उतरवून घ्या. तुमचा, नवऱ्याचा, मुलांचा आणि आई-बाबांचा, प्रत्येकाचा वेगळा. पहिल्या टप्प्यातला तो कागद काढा आणि नवी तारीख त्याच्यापुढे लिहा. चुकली असेल तर दुसऱ्याच दिवशी फोन लावा.